भूमिपूजनाआधी भूमिपरीक्षा



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कोठेही नवा कारखाना उभा राहायचा असला, की पहिला मुहूर्त भूमिपूजनाचा असतो. ते योग्यच आहे. परंतु पूजेआधी परीक्षाही सांगितलेली आहे, याचा आज अनेकांना विसर पडला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त ती दिली आहे. जागेच्या मध्यभागी हातभर खड्डा खणावा आणि त्याच मातीने तो पुन्हा भरावा. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. आजच्या अवजड यंत्रांचा भार या परीक्षेवर सोपवता येणार नाही, हे उघड आहे. मात्र तिच्यामागचे तत्त्व जुने झालेले नाही. भूमीविषयीचे मत अंदाजाने बनवू नये, ते त्याच जागी भूमीलाच विचारून बनवावे.

पायाखालची भूमी किती निर्णायक ठरते, याची साक्ष चाकणचा संग्रामदुर्ग देतो. १६६० साली शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी हा छोटा भुईकोट ५६ दिवस झुंजवला. समोरून तट पडेना, तेव्हा शत्रूने भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग पेरला. बुरुज उडाला तो खालून. वास्तूचे बळ तिच्या भिंतींइतकेच तिच्या तळातही असते.

‘आपल्याकडे खाली दगडच आहे, तपासायचे काय?’ असा प्रश्न या पट्ट्यात हमखास विचारला जातो. हे अर्धसत्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून येथील काळा पाषाण बनला, हे खरे. परंतु काळी माती आणि अखंड पाषाण यांच्या मध्ये मुरूम असतो, झिजलेला कच्चा खडक असतो. त्यांची जाडी एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत वेगळी निघू शकते. खडक भेगांच्या वाटेने झिजतो आणि मऊ मुरुमात टणक गोटे तसेच राहतात. दोन लाव्हाथरांच्या सांध्यात कधी तांबड्या मातीचा पट्टा लागतो. तो कोरडा असताना घट्ट वाटतो, भिजला की मऊ पडतो. काळी माती तर पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शिवाय एखादा ओढा वा जुनी दगडखाण राडारोड्याने बुजवून प्लॉट सपाट केलेला असेल, तर वरून काहीच कळत नाही.

अशा भूमीचा नमुना काढून प्रयोगशाळेत नेणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. कच्चा खडक काढतानाच भुगा होतो. उरतो तो त्यातला टणक तुकडा, आणि प्रयोगशाळा त्या तुकड्याचेच बळ सांगते. म्हणून जागेवरची चाचणी हवी. तिची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे एस.पी.टी. बोअरमध्ये जाड नळी उतरवतात. ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून तिच्या दांड्यावर पडू देतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढचे ३० सेंटिमीटर जाण्यास किती ठोके लागले, ते मोजतात. मात्र नळी अडली म्हणजे खडक लागला, असे समजणे घातक आहे. ती मुरुमातल्या गोट्यावरही अडते. अशा वेळी हिरकणीच्या कटरने पुढे खोदून गाभा काढावा लागतो. पेटीत मांडलेल्या त्या गाभ्यात जे निघाले त्याइतकेच जे निघाले नाही तेही वाचावे लागते. दीड मीटर खोदून अर्धा मीटरच गाभा हाती आला, तर उरलेल्या मीटरचे काय झाले, हा प्रश्न पायाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा.

कच्च्या खडकासाठी फ्रान्सच्या लुई मेनार यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेले प्रेशरमीटरही उपयुक्त आहे. बोअरमध्ये रबरी नळकांडे सोडून ते फुगवायचे, आणि भोवतालचा थर किती दाबाला किती सरकतो ते पाहायचे. भूमी आपल्या ठिकाणीच राहते आणि आपले बळ सांगते. खड्ड्यात लोखंडी पाट ठेवून त्यावर भार चढवण्याची प्लेट लोड चाचणीही चांगली, पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे. ३० सेंटिमीटरचा पाट जेमतेम ६० सेंटिमीटर खोलीपर्यंतची भूमी अजमावतो. दोन मीटर रुंद पायाचा भार मात्र चार मीटर खाली पोहोचतो. मधल्या तीन-साडेतीन मीटरांबद्दल ती चाचणी मौन असते.

चाचणी कोणत्या ऋतूत झाली, हेही अहवालात पाहावे. मे महिन्यात कुदळीला दाद न देणारी माती जुलैत निराळी असते. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला, जोरदार पावसात, एक सीमाभिंत कोसळली. खाली पत्र्याच्या खोल्यांत झोपलेले १५ जण गेले. त्यांत लहान मुलेही होती. दूरच्या राज्यातून पोटासाठी आलेली ही माणसे होती. अशा दुर्घटनेस एकच कारण नसते. पण उताराच्या कडेला भिंत बांधताना किंवा तिच्याशेजारी खणताना भिजलेल्या मातीचा हिशेब मांडलाच पाहिजे, एवढा बोध कोणालाही नाकारता येणार नाही.

लघुउद्योजक कर्ज काढून प्रेस आणतो, क्रेन बसवतो. मग दोन बोअरचा खर्च त्याला जड वाटतो. शेजाऱ्याचा जुना अहवाल मागून आणला जातो. पुढे पाया एका बाजूने खचला, की यंत्राचा समतल बिघडतो, माल नापास होतो, भिंतीला तडे जातात. वरची भिंत पुन्हा बांधता येते. चालू कारखान्याखालचा पाया दुरुस्त करणे अतिशय कठीण आणि खर्चाचे असते. शिवाय त्या छपराखाली दिवस-रात्र पाळीत उभ्या असलेल्या कामगाराला खाली काय आहे हे विचारण्याचा अधिकार कोणी दिलेला नसतो. त्याच्या वतीने तो प्रश्न मालकाने आणि अभियंत्याने विचारायचा असतो.

भूमीला आपण माता म्हणतो. आईच्या अंगावर ओझे ठेवण्यापूर्वी ते तिला पेलेल का, हे विचारणे हाच पूजेचा पहिला विधी होय.