दुर्बोध कविता आणि सुबोध समीक्षा



कवितेतील दुर्बोधतेचा वाद नवकवितेबरोबर जन्मास आला, अशी मराठीत समजूत आहे. हुलसूरच्या वाचकाने ती मानण्याचे कारण नाही. शेजारच्या कल्याणात, बिज्जळाच्या राजधानीत, बाराव्या शतकात दोन वचनकारांनी दोन वाटा चोखाळल्या. बसवण्णांचे वचन बहुधा ऐकताक्षणी कळते. भांडाराचा हिशेब सांभाळणाऱ्याने शब्दही मोजून द्यावेत, तसे ते आहे. परंपरेने ज्यांना अनुभवमंटपाचे अध्यक्ष मानले, त्या अल्लमप्रभूंची बेडगिन वचने मात्र श्रोत्याला थबकवतात. त्यांत अशक्य ते घडते आणि अर्थ मुद्दाम आड ठेवलेला असतो. आपल्याकडील कूट अभंगांची ती भावंडेच. (नाथांच्या भारुडाची खुबी निराळी: तिथे श्रोता आधी हसतो आणि अर्थ त्याला मागाहून गाठतो.)

अल्लम कठीण असूनही परके झाले नाहीत. पंधराव्या शतकात सिद्ध झालेल्या 'शून्यसंपादने' या ग्रंथात त्यांची वचने संवादांत गुंफली गेली. कोण विचारतो आहे, कोणत्या प्रसंगी, उत्तर कशाला आहे, एवढे समजले की गूढ गूढच राहते, पण वाचक उंबरठ्याबाहेर राहत नाही. संकलनकर्त्याने कोड्याचा उलगडा दुसऱ्या कोड्याने केला नाही.

बा. सी. मर्ढेकरांकडे या दृष्टीने पाहावे. 'शिशिरागम' (१९३९) लिहिणाऱ्या कवीला सोपे लिहिता येत नव्हते, असे कोण म्हणेल? 'काही कविता' (१९४७) मध्ये महायुद्धानंतरचे यंत्रमय महानगर त्यांनी ओवी-अभंगाच्या साच्यात ओतले. यंत्रांचे शब्द, इंग्रजी शब्द आणि संतांची लय एकत्र आली, तेव्हा वाचक गोंधळला. ही दुर्बोधता अनुभवातून आलेली होती, म्हणून ती क्षम्यच नव्हे, तर आवश्यक होती. तिच्या जोरावर पुढे ज्यांनी नुसतेच शब्द विस्कटले, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर वेळ दवडण्याचे कारण नाही.

हेच मर्ढेकर समीक्षेत कसे लिहितात? 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) हा ग्रंथ सोपा नाही. परंतु संवाद, विरोध आणि समतोल या लयींविषयी ते जे म्हणतात, ते नेमके म्हणतात. म्हणूनच त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न पुढच्या समीक्षकांना करता आला. धुक्याशी वाद घालता येत नाही. कवितेचा आशय 'आदिबंधात्मक' किंवा 'अनेकार्थसूचक' आहे, एवढे सांगून थांबणारा समीक्षक चूकही ठरत नाही आणि उपयोगीही पडत नाही.

सीमाभागात याची किंमत अधिक पडते. येथील कित्येकांची मराठी घरात आणि ग्रंथालयात जगते. शाळा-कचेरीचा व्यवहार कन्नडात. असा वाचक कवितेपाशी अडला तर पुन्हा वाचतो. पण प्रस्तावनेपाशीच अडला, तर 'आपली मराठी कमी पडली' असे समजून पुस्तक परत करतो आणि बहुधा पुन्हा मागत नाही. उणीव त्याच्या मराठीत नसते, प्रस्तावनाकाराच्या विचारात असते.

विजया राजाध्यक्षांनी 'मर्ढेकरांची कविता: स्वरूप आणि संदर्भ' (१९९१) मध्ये कवितेचे संदर्भ धीराने उलगडून दाखविले आहेत. ग्रंथपालाने हा ग्रंथ मर्ढेकरांच्या कवितेशेजारीच ठेवावा. मात्र सभासदाच्या हाती आधी कविता द्यावी.