उन्हाच्या गांवांतील श्रीमंती घरें

ऑक्टोबर २०१० मध्यें औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरच्या, कांहीं धनिक मंडळींनीं एकत्र येऊन एकाच वेळीं १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या, आणि ती बातमी देशभर गाजली. मराठवाड्यांत एवढी श्रीमंती कोठून आली, असा प्रश्न तेव्हां पुष्कळांना पडला. उत्तर अवघड नव्हतें. चिकलठाणा आणि वाळूज येथील कारखानदारीचा तिच्यांत मोठा वांटा होता. मोटार मात्र कोणत्याहि गांवीं सारखीच चालते. परदेशी तऱ्हेची मोटार येथल्या रस्त्यावर आणली, तर फार तर तिच्यावरची धूळ अधिक वेळां पुसावी लागेल. घराचें तसें नाहीं. घर जेथें बांधावें तेथलेंच ऊन त्याच्यावर पडतें. मोटारीसारखा घराचा नकाशाहि दूरदेशींच्या चित्रांतून निवडला म्हणजे काय होतें, हें मे महिन्याच्या दुपारीं कळून येतें.

असा एक गृहस्थ कल्पावा, कीं ज्यानें साताऱ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशीं जागा घेतली आहे आणि खर्चाला हात आखडावयाचा नाहीं असें ठरविलें आहे. नकाशा तयार होतो. मावळता सूर्य दिवाणखान्यांतून दिसावा म्हणून पश्चिमेस दोन मजले उंचीची कांच. गच्चीवर काळा ग्रॅनाइट. अंगणांत पोहण्याचा हौद. नकाशा पाहून गृहस्थाची आई एवढेंच विचारते, "सगळें छान आहे रे, पण उन्हाळ्यांत दुपारीं टेकायचें कुठें?"

"अगं आई, प्रत्येक खोलींत एसी आहे."

"असूं दे. मग दारें उघडायचीं कधीं?"

ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर नकाशांत नसतें. आणि वास्तविक ह्या भागांतील गृहरचनेचें सारें शास्त्र त्या एका प्रश्नांत सामावलेलें आहे.

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटर उंचीवर, दख्खनच्या काळ्या कातळावर वसलें आहे. पाऊस वर्षाकांठीं सरासरी ७०० मिलीमीटरच्या आसपास, तोहि बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत. मे महिन्यांत दिवसां पारा ४० अंशांच्या घरांत जातो. पण पहांटे तोच २४-२५ अंशांपर्यंत उतरलेला असतो. हा पंधरा अंशांचा फरक ही ह्या गांवची खरी दौलत होय. मुंबईला ती नाहीं. तेथें हवा दमट आणि रात्रहि जवळजवळ दिवसासारखीच. म्हणून तेथें खिडक्या मोठ्या असाव्या आणि वारा अष्टौप्रहर घरांतून वाहावा, हें योग्य. येथें मे महिन्यांत दुपारीं खिडकी उघडली तर भट्टीची धग आंत येते. येथल्या घरानें दिवसां डोळे मिटून घ्यावे आणि रात्रीं उघडावे. मुंबईच्या बंगल्याची नक्कल मराठवाड्यांत फसते ती ह्याच कारणानें.

सूर्याचा हिशेबहि पाहण्याजोगा आहे. हें शहर सुमारें २० अक्षांशांवर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत भर दुपारीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो आणि माणसाची सांवली पायांखालीं नाहींशी होते. म्हणजे ऐन उन्हाळ्यांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसें पडतच नाहीं. सारा मारा छपरावर होतो, शिवाय सकाळीं पूर्वेच्या आणि तिसऱ्या प्रहरानंतर पश्चिमेच्या भिंतीवर. डिसेंबरांत ह्याच्या उलट. तेव्हां दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारें ४७ अंशांवर असतो, आणि दक्षिणेच्या खिडकींतून हवेंहवेंसें ऊन आंत येतें. ही खिडकी म्हणूनच येथें उपकारक. दोन फुटांचा सज्जा तिला उन्हाळ्यांत पुरतो. पश्चिमेच्या कांचेला मात्र कोणताहि सज्जा पुरत नाहीं, कारण संध्याकाळचा सूर्य सज्ज्याच्या खालून तिरपा आंत शिरतो. आंतून पडदा लावला तर पडदाच तापतो, आणि तापलेला पडदा खोलींतच लोंबत राहतो. दक्षिण ही यमाची दिशा म्हणून तिच्याकडे पाठ फिरविणारे पुष्कळ आहेत; उन्हाच्या हिशेबानें यमाचा मुक्काम पश्चिमेकडे आहे.

छपराची गोष्ट त्याहून महत्त्वाची. पाणचक्की पाहण्यास जाणारे बहुतेक लोक जातें पाहून परततात. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या त्याच आवारांत एक लांबट हौद आहे, आणि त्या हौदाचा तळ हेंच खालच्या एका प्रशस्त दालनाचें छप्पर आहे. वर पाणी आणि खालीं यात्रेकरूंची उतरण्याची जागा. त्यामुळें उन्हाळ्यांत तें दालन थंड राहतें. वरचें ऊन पाण्यानें खावें, माणसापर्यंत तें पोहोंचूं नये, हा विचार १८व्या शतकांत येथें दगडांत बांधून ठेवलेला आहे. आज कोणी घरावर हौद बांधावा असें नाहीं. परंतु काळ्या ग्रॅनाइटऐवजीं पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या फरशांचा थर गच्चीवर दिला, अथवा सिमेंटच्या छतावर मडकीं पालथीं मांडून वरून चुन्याचा कोबा केला, तर त्याच विचाराचा लाभ फार थोड्या पैशांत मिळतो. महाग वस्तु ती चांगली, हा नियम गच्चीला लागू पडत नाहीं.

जुन्या वाड्यांत हीच बुद्धि भिंतींतून दिसते. दीड-दोन हात जाडीची दगडी भिंत दुपारचें ऊन पिऊन घेते, पण तें आंतल्या अंगाला पोहोंचवावयास तिला पुष्कळ तास लागतात. तोंवर बाहेर रात्र झालेली असते. मग दारें, झरोके आणि मधला चौक उघडा. चौकांत थंड हवा उतरते आणि भिंतीनें दिवसभर सांठविलेली ऊब हळूहळू बाहेर निघून जाते. माणसें तेव्हां आंत नसतच. तीं गच्चीवर अंथरूण टाकून झोंपत. एकच घर, पण दुपारचा मुक्काम खालीं सोप्यांत आणि रात्रीचा वर. आज असे वाडे पाडले जातात तेव्हां त्यांचे कोरीव सागवानी खांब मोठ्या किंमतीला विकत घेतले जातात आणि नव्या दिवाणखान्यांत शोभेसाठीं उभे केले जातात. ज्या चौकाभोंवतीं ते उभे होते तो चौक मात्र कोणी विकत घेत नाहीं.

तथापि जुन्याचें सगळेंच सोनें असें म्हणून चालणार नाहीं. मराठवाड्यांतील धाब्याचीं घरें उन्हाळ्यांत थंड, ह्यांत शंका नाहीं. लांकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वीं त्यावर आणखी माती चढवावयाची. अशा रीतीनें पिढ्यान्‌पिढ्या छपराचें ओझें वाढत गेलें. खालच्या भिंती दोन तोंडांच्या, मधें गोटे आणि चिखल. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे चारच्या सुमारास, किल्लारी आणि आसपासच्या गांवांत जमीन हादरली. भूकंप ६.२ प्रतीचा, म्हणजे जगांतल्या मोठ्या भूकंपांच्या मानानें मध्यमच. परंतु भिंतींचीं दोन तोंडें एकमेकांपासून सुटलीं आणि वरची माती झोंपलेल्या माणसांवर आली. आठ हजारांच्या आसपास माणसें त्यांत गेलीं. त्यानंतर कित्येक कुटुंबांनीं पत्र्याखालीं राहणें पत्करलें. पत्रा तापतो, पण अंगावर पडला तर जीव घेत नाहीं, असा तो हिशेब होता. ज्यांनीं तो हिशेब केला त्यांना दोष देण्याचा अधिकार गार घरांत बसलेल्याला नाहीं.

म्हणून दगडाची भिंत बांधावयाची तर तिच्या दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे आरपार दगड ठराविक अंतरावर घातलेच पाहिजेत. दारांच्या माथ्याच्या पातळीवर सळयांचा सिमेंटी पट्टा सगळ्या घराभोंवतीं अखंड फिरला पाहिजे. आणि छप्पर हलकें असलें पाहिजे. ह्या गोष्टी भिंतीच्या पोटांत जातात आणि पाहुण्याला दिसत नाहींत. खर्चांत काटछाट करतांना त्याच आधीं गळतात. धनिकाच्या घरांत तरी त्या गळूं नयेत.

उष्ण प्रदेशांत नवें आणि वैभवाचें घर कसें असावें ह्याचीं उदाहरणें शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. अहमदाबादचें ऊन संभाजीनगरपेक्षां कडक. तेथें १९५०च्या दशकांत ल कॉर्बुझिए ह्या जगप्रसिद्ध वास्तुकारानें साराभाई कुटुंबासाठीं घर बांधलें. त्याच्या बुटक्या कमानदार छपरांवर मातीचा थर असून वर गवत वाढविलें आहे, आणि घराची दिशा तेथल्या वाऱ्याला अनुसरून ठरविली आहे. त्याच शहरांत १९६०च्या दशकांत चार्ल्स कोरिया यांनीं पारेख कुटुंबाचें घर रचलें, त्यांत उन्हाळ्याच्या दुपारीं वापरण्याचा भाग निराळा आणि हिंवाळ्यांत व संध्याकाळीं वापरण्याचा निराळा. आपल्याकडील वाड्यांत खालीं-वर होत असे तेंच, नव्या आकारांत. दोन्ही घरें श्रीमंतांचीं. परंतु त्यांतली श्रीमंती सांवलीवर खर्च झाली आहे.

पाण्याविषयीं थोडें बोललें पाहिजे. मे महिन्यांतल्या कोरड्या हवेंत वाळ्याचा ओला पडदा किंवा साधा कूलर खोली पुष्कळ गार करतो. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली कीं तोच निरुपयोगी होतो. पण तो तासाला कित्येक लिटर पाणी पितो. पोहण्याच्या हौदाचें तर विचारूंच नये. दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद हौदावरून मे महिन्यांत रोज सुमारें आठ मिलीमीटर पाणी उडून जातें असें धरलें, तरी तें दिवसाला ४०० लिटर होतें. मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी वसविली आणि पुढें डोंगरांतले झरे जमिनीखालच्या नहरीनें, केवळ उताराच्या बळावर, शहरांत आणले. आज पाणी पैठणच्या जायकवाडी धरणांतून, पन्नासेक किलोमीटरांवरून, विजेच्या पंपांनीं चढवून आणावें लागतें. आणि नळाला कित्येक दिवसांनीं पाणी येण्याचीं वर्षें ह्या शहरानें पाहिलीं आहेत. हौदाऐवजीं पश्चिमेच्या बाजूला कडुनिंबाचीं चार झाडें लावलीं, तर न्हाणीघराच्या सांडपाण्यावर तीं वाढतात आणि आठ-दहा वर्षांत ती सबंध भिंत सांवलींत घेतात.

एसी नको असें कोणी म्हणत नाहीं. आजारी माणसाला, तान्ह्या मुलाला, क्वचित् एखाद्या असह्य रात्रीं तो हवाच. पण त्यासाठीं एक-दोन खोल्या नीट बंदिस्त कराव्या. दोन मजली कांचेचा दिवाणखाना गार करणें म्हणजे आंतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकींत नेऊन ओतणें होय, आणि शेजारीहि तेंच करीत असतो.

आतां त्या गृहस्थाचा नकाशा पुन्हां मांडून पाहावा. पश्चिमेस जिना, कोठीची खोली आणि न्हाणीघर, म्हणजे ऊन त्यांनीं सोसावें. मधें चौक, त्याच्या उत्तरेस खोल ओसरी आणि तिच्या मागें जाड भिंतीचा सोपा, खालीं शहाबादी फरशी. रात्रीं खिडक्या उघड्या ठेवावयाच्या तर चोराची आणि डासांची भीति, हें खरें; हौदासाठीं ठेवलेले पैसे येथें उपयोगी पडतात. प्रत्येक खिडकीला भक्कम गज, बारीक जाळी आणि बाहेरून लांकडी झडपा घ्याव्या. माथ्याला गरम हवा निघून जाण्यास झरोके ठेवावे. आईच्या प्रश्नाला मग उत्तर देतां येतें: दारें रात्रीं नवाला उघडायचीं आणि सकाळीं आठाला लावायचीं, आणि दुपारीं टेकायचें तें सोप्यांत. राहतां राहिला सूर्यास्त. तो पाहण्यास गच्चीवर जावें लागेल. जिना वीस-पंचवीस पायऱ्यांचा आहे.