कोलकात्याचा हिवाळी पाहुणा
(हीरक महोत्सवानिमित्त झालेले भाषण)



कोलकात्यात दुर्गापूजेचे मंडप उतरू लागतात, त्या सुमारास सैबेरियाच्या सूचिपर्णी अरण्यांतून एक चिमुकला पाहुणा तेथे येतो. लांबी जेमतेम १२ सेंटिमीटर, वजन १० ग्रॅमच्या आसपास, रंग मातकट तपकिरी. शिवपूरचे वनस्पती उद्यान, रवींद्र सरोवराकाठची झाडी, नरेंद्रपूरजवळचे चिंतामणी कर पक्षी अभयारण्य ही अशा पाहुण्यांची आश्रयस्थाने. हा तैगा माशीमार.

महाराष्ट्रात हिवाळ्यात येणारा तांबड्या छातीचा माशीमार हा त्याचा जवळचा भाऊबंद. दीर्घकाळ दोघांना एकच जाती मानले जाई. पुढे पिसारा, गाणे आणि जनुके तपासून त्यांना वेगळे करण्यात आले.

ओळख पटवायची कशी? शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंस पांढरे पट्टे आणि शेपटी वारंवार वर उचलण्याची लकब दोघांतही आहे. त्यावरून निर्णय होत नाही. शेपटीच्या मुळावरची पिसे पाहावीत. तैगाची ती काळीभोर असतात, दुसऱ्याची तपकिरीकडे झुकणारी. तैगाची चोच बहुधा पूर्ण काळी, तर दुसऱ्याच्या खालच्या चोचीचे बूड फिकट असते. तैगा नराच्या कंठावरचा नारिंगी रंग हिवाळ्यात बहुधा लोपतो. मादीला तो नसतोच.

दाट झुडपात मात्र डोळ्यांपेक्षा कान उपयोगी पडतात. हिवाळ्यात ऐकू येते ती मुख्यतः साद. तैगाची साद कोरडी, खडखडती आणि इतकी जलद की ठोके एकमेकांत मिसळतात; जणू पिशवीची चेन झर्रकन ओढावी. तांबड्या छातीच्या माशीमाराची साद संथ असते. जुन्या घड्याळाला चावी देताना होणाऱ्या आवाजाप्रमाणे तिचे ठोके सुटे जाणवतात.

१८४१ ते १८६२ या काळात एडवर्ड ब्लाइथ कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते. त्या काळी पक्षी हातात घेऊनच जाती ठरे. आज पक्षी मारावा लागत नाही. पण पुरावा म्हणून निरीक्षकाचे डोळे, कान आणि वही यांवरच बहुतेक भिस्त असते. चुकीची एक नोंद पक्ष्याचा नकाशाच बदलते. खूण दिसली नसेल, तर ‘दोहोंपैकी एक’ एवढेच लिहिणे हे खरे शास्त्र होय.

हा नकाशा महत्त्वाचा आहे, कारण माशीमार सावलीत, जमिनीलगतच्या फांद्यांवरून कीटक टिपतो. सुशोभीकरणासाठी झुडपे साफ केली की त्याचे अन्न आणि आसरा दोन्ही जातात. नरेंद्रपूरची जुनी आमराई वाचावी म्हणून शिल्पकार चिंतामणी कर यांनी आवाज उठवला. आज ते अभयारण्य त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

पालकहो, हिवाळ्यातील एखाद्या सकाळी मुलांना झाडीत न्यावे. परतल्यावर पक्ष्याचे नाव विचारण्यापूर्वी ‘काय पाहिले, काय ऐकले?’ एवढे विचारावे. नाव पुढे कोणत्याही पुस्तकात सापडेल. पाहण्याची आणि खरे तेच लिहिण्याची सवय मात्र बालपणीच लागते.