शंभर मीटरची मर्यादा



कॅनडातील ब्रॅम्प्टन या शहरात ३ नोव्हेंबर २०२४ रोजी हिंदू सभा मंदिरासमोर जे घडले, ते आपल्यापैकी अनेकांनी चित्रवाणीवर पाहिले असेल. त्या दिवशी तेथे भारतीय वकिलातीचे शिबिर भरले होते. भारतातून निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांना हयातीचे दाखले मिळावेत, हा अशा शिबिरांचा साधा हेतू. बाहेर खलिस्तानसमर्थकांची निदर्शने सुरू झाली. पाहता पाहता काठ्या उगारल्या गेल्या आणि मारामारी मंदिराच्या आवारात शिरली. दुसऱ्या दिवशी निषेधासाठी मोठा जमाव जमला. त्यात शस्त्रे दिसल्याने पोलिसांना तो बेकायदा घोषित करावा लागला. पुढे पुरेशा सुरक्षेची हमी न मिळाल्याने वकिलातीने काही नियोजित शिबिरे रद्द केली. म्हणजे नुकसान कोणाचे झाले? घोषणा देणाऱ्यांचे नव्हे, दाखल्यासाठी आलेल्या वृद्धाचे!

त्याच महिन्यात ब्रॅम्प्टनच्या नगर परिषदेने प्रार्थनास्थळांपासून शंभर मीटरच्या आत उपद्रवी निदर्शनांना बंदी करणारा नियम केला. हे संरक्षण मंदिराला आहे, तसेच गुरुद्वारा, मशीद, चर्च आणि सिनेगॉग यांनाही आहे. शेजारच्या वॉन शहराने जून २०२४ मध्येच असा नियम केला होता. त्यात प्रार्थनास्थळांबरोबर शाळा, पाळणाघरे आणि रुग्णालयेही आली, आणि दंडाची कमाल मर्यादा एक लाख डॉलर ठेवली गेली. टोरांटोचा नियम २ जुलै २०२५ पासून लागू झाला. तेथे अंतर पन्नास मीटर. मात्र हे संरक्षण आपोआप मिळत नाही. संस्थेने स्वतः अर्ज करावा लागतो आणि ते एक वर्षापुरते असते. जागरूक राहील त्यालाच कायद्याची साथ, हा त्यातील बोध संस्थाचालकांनी ध्यानात घ्यावा.

या विचाराचे मूळ रुग्णालयाच्या दारात आहे. गर्भपात केंद्रांत जाणाऱ्या स्त्रियांना दारात अडवले जाऊ नये, म्हणून ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९९५ मध्ये आणि ओंटारियोने २०१७ मध्ये कायदे केले. करोनाच्या काळात, सप्टेंबर २०२१ मध्ये, लसीकरणाच्या सक्तीविरुद्धची निदर्शने थेट रुग्णालयांसमोर झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कॅनडाच्या संसदेने आरोग्य कर्मचाऱ्यांना धमकावणे आणि रुग्णांची वाट अडवणे हे स्वतंत्र गुन्हे ठरवले. रुग्ण आणि भाविक यांच्यात एक साम्य आहे. दोघेही त्या दारात वाद घालायला येत नाहीत. एक व्याधी घेऊन येतो, दुसरा श्रद्धा.

तथापि विरोधकांचा आक्षेपही ऐकून घेतला पाहिजे. मारहाण आणि धमकी यांविरुद्ध कायदे आधीपासून आहेतच. मग नवे कुंपण कशाला, असे तेथील नागरी स्वातंत्र्यवादी विचारतात. कॅनडाच्या १९८२ च्या अधिकारपत्राने शांततापूर्ण सभेचे स्वातंत्र्य दिले आहे. शिवाय प्रार्थनास्थळात राजकीय किंवा व्यापारी कार्यक्रम भरवायचा आणि विरोध झाला की पावित्र्याची ढाल पुढे करायची, हे न्याय्य आहे काय? प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर असे की, नियमाने घोषणेतील मत पाहू नये, वर्तन पाहावे. वाट अडवणे, धमकावणे आणि भय निर्माण करणे याला बंदी हवी, मताला नव्हे. शंभर मीटरपलीकडे उभे राहून कठोरातील कठोर टीका करण्याचा अधिकार अबाधित राहिला, तरच असा नियम लोकशाहीत शोभतो. आणि आपल्या वास्तूत कोणता कार्यक्रम घ्यावा, याचे तारतम्य विश्वस्तांनीही बाळगले पाहिजे.

आता दृष्टी आपल्याकडे वळवू. आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने शांततेने आणि निःशस्त्र जमण्याचा हक्क दिला आहे आणि त्यावर वाजवी निर्बंधांची मुभाही ठेवली आहे. शाहीनबाग प्रकरणी ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सार्वजनिक रस्ते अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद आहे. पण आपली मिरवणूक रुग्णालयासमोरून जाते, तेव्हा ढोल-ताशे थांबतात काय? ध्वनिक्षेपकाचा आवाज उतरतो काय? ब्रॅम्प्टनच्या वृद्धासाठी हळहळणाऱ्या मनाला आपल्याच गल्लीतील अतिदक्षता विभागातला रुग्णही दिसला पाहिजे.

दुसऱ्याने पाळावी म्हणून आखलेली मर्यादा आपणही पाळतो, तेव्हाच ती धर्म होते. एरवी ती केवळ सोय असते. शंभर मीटरचे ते अंतर कायदा फितीने मोजू शकेल. पण दारात आलेल्या दुर्बलाला वाट करून देण्याची वृत्ती घराघरांतील संस्कारांतूनच घडावी लागते.