समीकरण पाठ करू नका, ओळखायला शिका
(अभ्यासवर्गातील भाषणाचा गोषवारा)



दहावीच्या मुलांना शिकविताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. हुशार मुलेही रासायनिक समीकरणे पाढ्यांसारखी पाठ करतात. परीक्षेत एका पदार्थाचे नाव बदलले की लेखणी थांबते आणि 'सायन्स आपल्यासाठी नाही' असे मूल ठरवून टाकते. ज्या घरातले पहिलेच मूल इथवर आले आहे, त्या घराचे यात फार मोठे नुकसान होते. म्हणून आज आम्ही एवढेच सांगणार आहोत की, अभिक्रियेतून काय तयार होईल हे बहुधा ओळखता येते.

प्रथम प्रकार पाहा. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला, तर एका बाजूला मूलद्रव्य आहे व दुसऱ्या बाजूला संयुग. म्हणजे प्रश्न विस्थापनाचा. आता अभिक्रियाशीलतेची श्रेणी आठवा : मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोह, शिसे, तांबे, चांदी. वरचा धातू खालच्याला संयुगातून बाहेर काढतो. म्हणून खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि द्रावण फिकट हिरवे होते. उलट, फेरस सल्फेटच्या द्रावणात तांब्याची तार ठेवली तर काहीच घडत नाही. 'अभिक्रिया होत नाही' हेही पूर्ण गुणांचे उत्तर आहे!

दोन्ही संयुगे असतील तर जोड्यांची अदलाबदल करून पाहा. सिल्व्हर नायट्रेट व मीठ यांची द्रावणे मिसळली की सिल्व्हर क्लोराइड आणि सोडियम नायट्रेट मिळते. सिल्व्हर क्लोराइड पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा पांढरा साका खाली बसतो.

संयुजा पाहून सूत्रे आधी लिहा, संतुलन शेवटी करा. संतुलनासाठी सूत्रातील अंकाला हात लावू नका. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहिला, तर ते पाणी न राहता हायड्रोजन पेरॉक्साइड होते. रेणूंची संख्या तेवढी बदला.

नियमांना अपवाद आहेत. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात तांबे तसेच राहते, पण नायट्रिक आम्लात विरघळते आणि हायड्रोजनऐवजी नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडते. म्हणून अंदाज आपण करावा, निवाडा प्रयोगाने करावा.

पालकहो, मुलाला 'किती समीकरणे पाठ झाली?' असे विचारू नका. 'हे असेच का झाले?' एवढे विचारा. तुम्हाला रसायनशास्त्र येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. त्याचे उत्तर शोधता शोधता मुलाची भीती जाईल.