हिरवळ, मन आणि जमिनीची वाटणी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



बागबगीचा ही शोभेची बाब असून पोटाचे प्रश्न सुटल्यावरच तिच्याकडे वळावे, असा समज आपल्या चळवळीतही आढळतो. तो एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी ५४१ ओसाड भूखंड निवडले. काहींवरील कचरा हलवून तेथे गवत व थोडी झाडे लावली आणि पुढेही निगा राखली. काहींची केवळ सफाई केली. उरलेले तसेच ठेवले. भोवतालच्या रहिवाशांच्या मुलाखती आधी व नंतर घेतल्या. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काहीच न केलेल्या भूखंडांच्या तुलनेत हिरवळीलगत राहणाऱ्यांमधील खिन्नतेची भावना ४१.५ टक्क्यांनी घटली. दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत ही घट ६८ टक्क्यांहून अधिक होती. नुसत्या सफाईने लक्षणीय फरक पडला नाही. दर भूखंडामागे खर्च आला सुमारे १,६०० डॉलर.

सर्वाधिक लाभ सर्वांत गरिबांना झाला, यात नवल नाही. ज्याच्या घराला गच्ची आणि अंगण आहे, त्याचे सार्वजनिक बागेवाचून अडत नाही. एका खोलीत पाचसहा माणसे राहतात तेथे दिवसभराचा शीण आणि घरातला ताण उतरवायला बाहेरची झाडाखालची जागाच उरते. ती जागा मिळणे न मिणे हे जमिनीच्या वाटणीवर ठरते.

मुंबईच्या गिरणगावात या वाटणीचे काय झाले? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार, पुनर्विकासास निघालेल्या गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, तितकाच घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच ठेवली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. जेथे सर्वांसाठी उद्याने होऊ शकली असती, तेथे मॉल आणि मनोरे उभे राहिले.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागाचा विकास आराखडा मिळवावा, मैदाने व उद्याने यांची आरक्षणे प्रत्यक्ष जाऊन पाहावीत आणि अतिक्रमित वा कुलूपबंद जागांची यादी महापालिकेपुढे ठेवावी. बागा पाळीवरून परतणाऱ्या कामगारालाही उघड्या मिळाव्यात आणि प्रवेशाला शुल्क नसावे, ही मागणी घर, पाणी व रेशन यांच्या मागण्यांबरोबरच मांडली गेली पाहिजे.