मोदक, साखर आणि आपले स्नायू

मधुमेह नसलेले घर आज आपल्यात विरळाच. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. त्यासाठी पेशीचे दार उघडणारी किल्ली म्हणजे इन्सुलिन. टाइप २ मधुमेहात ही किल्ली नीट फिरत नाही. पण आपण चालू लागलो, की काम करणारे स्नायू ‘ग्लुट-४’ हे वाहक प्रथिन आपणहून पेशीच्या पृष्ठभागावर आणतात आणि इन्सुलिनवाचूनही साखर आत घेतात. पुढचे २४ ते ४८ तास इन्सुलिनही अधिक चांगले काम करते. म्हणून आठवड्याला १५० मिनिटे चालू या. सलग दोन दिवसांहून अधिक खंड नको. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखर एकदम उतरू नये म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे. आज महाप्रसादाची पंगत उठली, की मांडवाभोवती चार फेऱ्या मारू या!